डुकराचे हृदय, गायीची झडप आणि कराडचा फोन

गेल्या हिवाळ्यात, इथे अमेरिकेत मिनिआपोलिसमध्ये पहाटेचे चार वाजले असताना, कराडहून मामाचा फोन आला. त्याच्या महाधमनीची झडप अरुंद झाली होती आणि ती बदलायची हे ठरलेले होते. कोणती बसवायची एवढाच प्रश्न उरला होता. यांत्रिक झडप घेतली तर ती टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली घेतली तर गोळीतून बहुधा सुटका होते, पण दहापंधरा वर्षांत ती झिजते. ही दुसरी झडप गायीच्या हृदयावरणापासून तरी बनवतात किंवा डुकराची मूळ झडपच प्रक्रिया करून वापरतात. "तू जनावरांची डॉक्टर आहेस, तूच सांग, कोणतं बसवू?" असे मामाने विचारले, आणि मागून मामीचा आवाज आला की गायीचे नको आणि डुकराचे तर त्याहून नको.

पुढचे तीन दिवस घरात वाद चालला. एका मावसभावाने प्राण्यांचे अवयव माणसापेक्षा इतके निराळे असतात की त्यांच्यावरचे सगळे संशोधन फसवणूकच आहे, असा लेख पाठवला. दुसऱ्याने डुक्कर आणि माणूस जवळजवळ सारखेच आहेत असा. शस्त्रक्रियेत हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवताना ते गोठू नये म्हणून जे हेपरिन देतात, ते गुरांच्या नाहीतर डुकरांच्या आतड्यांतून काढलेले असते, हे मात्र कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

मी शिरवळला पशुवैद्यक शिकले आणि गेली काही वर्षे हृदयासाठीच्या उपकरणांची चाचणी होते अशा इथल्या एका प्रयोगशाळेत काम करते. या शहराला त्या कामाची जुनी सवय आहे: अर्ल बॅकन यांनी १९५७ साली बॅटरीवर चालणारा पेसमेकर इथेच तयार केला, आणि तो आधी कुत्र्यावर तपासला गेला होता. इथेही वाद आहेत, पण त्यांची जात निराळी आहे. गावाकडे प्रश्न असतो पवित्र की अपवित्र हा. इथे फाटकापाशी फलक घेऊन उभ्या राहणाऱ्यांचा प्रश्न असतो माणसाला हा अधिकार आहे का, हा. दोन्ही प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाहीत. पण दोन्ही ठिकाणी अख्ख्या प्राण्याविषयीच बोलले जाते, आणि संशोधनाला अख्ख्या प्राण्याशी क्वचितच कर्तव्य असते. त्याला हवे असते ते एका अवयवाचे एखादे अंग, तेही एका ठरावीक प्रश्नापुरते.

हे मला एका चुकीने शिकवले. डुकराच्या हृदयाच्या स्नायूने किती प्राणवायू वापरला हे मोजण्यासाठी कोरोनरी सायनसमधून, म्हणजे हृदयाच्या स्नायूतले वापरलेले रक्त जिथे गोळा होते त्या मोठ्या शिरेतून, नमुने घ्यायचे होते. आकडे येत होते, पण त्यांचा मेळ बसेना. दोन दिवसांनी एका वयस्क सहकाऱ्याने हसत हसत विचारले की डावी अझायगस शीर बांधली होती का. माणसात त्या बाजूच्या छातीच्या भिंतीतले रक्त उजवीकडच्या शिरेतून वरच्या महाशिरेत जाते. डुकरात मात्र डावी शीर शाबूत राहते आणि थेट कोरोनरी सायनसमध्येच रिकामी होते. मी हृदयाचे म्हणून जे रक्त मोजत होते, त्यात बरगड्यांमधल्या स्नायूंचे रक्त मिसळलेले होते. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत दिलेले आहे आणि परीक्षेत मी ते लिहिलेही होते.

तरीही त्याच हृदयाच्या रोहिण्यांकडे, म्हणजे स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांकडे पाहावे, तर डुकरासारखा दुसरा पर्याय सापडणे कठीण आहे. हृदयविकाराचा अभ्यास दीर्घकाळ कुत्र्यांवर झाला; पण कुत्र्याच्या हृदयात रोहिण्यांना जोडणाऱ्या आडवाटा भरपूर असतात, त्यामुळे एक रोहिणी बंद केली तरी शेजारून रक्त पोचते आणि स्नायू वाचतो. निरोगी माणसात या आडवाटा फारशा नसतात, डुकरातही नसतात, म्हणून रोहिणी बंद झाल्यावर नेमके किती नुकसान होते हे डुकराचे हृदय अधिक खरेपणाने सांगते. पण विद्युत्प्रवाहाचा प्रश्न काढला की तेच हृदय पुन्हा परके होते, कारण डुकरात पर्किंजे तंतू, म्हणजे ठोक्याचा विद्युत्संदेश पोचवणारे तंतू, स्नायूच्या पूर्ण जाडीत शिरलेले असतात, माणसात ते आतल्या थरालगतच राहतात.

मूत्रपिंडाचे उदाहरण तर आपल्याकडच्या प्रत्येक मांसाहारी घराला पडताळता येईल. बाजारातून आणलेला बकऱ्याचा गुर्दा उभा चिरला तर आत एकच सलग उंचवटा दिसतो. माणसाच्या मूत्रपिंडात असे अनेक शंकू असतात, आणि प्रत्येकाचे टोक मूत्र गोळा करणाऱ्या वेगळ्या पेल्यात उघडते; डुकरातही तसेच असते. मुतखडा दुर्बिणीने काढण्याचा सराव डुकराच्या मूत्रपिंडावर करतात तो यामुळे. बकऱ्याच्या गुर्द्यात त्या शस्त्रवैद्याला वाट चुकायला जागाच नाही.

कोणत्या प्राण्यात पाहिले हे न सांगता माणसाविषयी बोलले की काय होते, याचा धडा जुना आहे. प्राचीन रोमन काळातला वैद्य गॅलेन याने माकडे, डुकरे, बैल चिरले आणि मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे एक अद्भुत जाळे असल्याचे लिहिले. ते गुरामेंढरांत असते, माणसात नसते. पण शरीररचनातज्ज्ञ व्हेसॅलियसने १५४३ साली आपल्या ग्रंथात तसे स्पष्ट लिहीपर्यंत तेराशे वर्षे ते माणसाच्या डोक्यात आहे असेच शिकवले गेले. गॅलेनने प्राणी चिरले हा माझ्या दृष्टीने त्याचा दोष नाही.

७ जानेवारी २०२२ रोजी बाल्टिमोरमध्ये डेव्हिड बेनेट यांना डुकराचे हृदय बसवले, तेव्हा घरच्या गटात लगेच संदेश आला की हे तर भारताने १९९७ सालीच केले होते. धनीराम बरुआ यांनी गुवाहाटीजवळ सोनापूर येथे ती शस्त्रक्रिया केली हे खरे. रुग्ण सात दिवस जगला, चौकशीत ती शस्त्रक्रिया अनैतिक ठरली आणि बरुआ यांना चाळीस दिवस तुरुंगात काढावे लागले. त्या पराक्रमाचा अभिमान मला वाटत नाही. अडचण हृदयाच्या आकाराची किंवा टाके घालण्याची नव्हतीच. डुकराच्या पेशींवर एक शर्करा असते, ती माणसाच्या पेशींवर नसते, आणि आपल्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे लहानपणापासून तयार असतात. साध्या डुकराचा अवयव जोडला तर तो काही मिनिटांत, फार तर काही तासांत, काळवंडतो. बेनेट यांना दिलेले हृदय ज्या डुकराचे होते त्याचे दहा जनुक बदललेले होते: अशा शर्करांचे तीन बंद केले, हृदय माणसाच्या छातीत वाढत राहू नये म्हणून वाढीशी संबंधित एक बंद केला आणि मानवी सहा घातले. तरी बेनेट दोनच महिने जगले, आणि त्या हृदयासोबत डुकराचा एक सुप्त विषाणूही आला होता हे नंतर कळले.

जवळचे नातेही भरवशाचे नसते. २००६ साली लंडनमध्ये एका नव्या प्रतिपिंड-औषधाने सहा निरोगी स्वयंसेवक काही तासांत अत्यवस्थ झाले. माकडांनी सहज सोसलेल्या मात्रेचा पाचशेवा भाग त्यांना दिला होता. डुकरापेक्षा माकड आपल्याला कितीतरी जवळचे आहे, पण ते औषध पेशीवरच्या ज्या खुणेला चिकटत होते, ती खूण माणसाच्या काही प्रतिकारपेशींवर असते आणि माकडाच्या तशाच पेशींवर नसते.

म्हणून २०२३ साली भारताने औषधचाचणीच्या नियमांत बदल करून मानवी पेशी वाढवलेल्या छोट्या चिपसारख्या पर्यायांना मान्यता दिली, याचे मी स्वागत करते. यकृताला एखादे औषध बाधेल का, हे माणसाच्या यकृतपेशीच बहुधा उंदरापेक्षा नीट सांगतील. उंदीर पुष्कळ वापरला जातो म्हणून तो योग्य ठरत नाही. पण पेसमेकरची शिरेतून हृदयात जाणारी तार वळणावर कुठे अडकेल, हे चिप सांगणार नाही, कारण चिपला वळण नाही. घरच्या वादात हा फरक कोणी करत नाही. तिथे प्राण्यांवरचे प्रयोग एकतर सगळे बंद व्हायला हवेत, नाहीतर सगळे आवश्यक असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या वर्गातली विच्छेदने थांबवली, तेही मला पटते. बेडकाचे तीन कप्प्यांचे हृदय पाठ करण्यासाठी आमच्या पिढीने किती बेडूक मारले, आणि त्यातून चार कप्प्यांच्या हृदयाविषयी कोणाला काय कळले? खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या हृदयात ते सगळे, एकही जीव जास्तीचा न घेता, हातात धरता आले असते.

मामाला मी दोन्ही ऊतींच्या झडपांविषयी जे जे ठाऊक होते ते सांगितले आणि निवड त्याच्यावर सोपवली. अठ्ठावन्नाव्या वर्षी दोन्ही मार्ग मोकळे असतात. त्याने यांत्रिक झडप घेतली, म्हणजे गायही नाही आणि डुक्करही नाही, आणि मामीला हायसे वाटले. आता तो रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेतो, आणि पालेभाज्यांनी तिचा परिणाम कमी होतो म्हणून त्यांचे प्रमाण सांभाळतो.

१९३३ च्या फेब्रुवारीत, आमच्या शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेली दुधाची किटली घेऊन मॅडिसनला जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला होता. त्याच्या गुरांनी स्वीट क्लोव्हर या वनस्पतीचा बुरशी लागलेला चारा खाल्ला होता. त्या चाऱ्यातल्या द्रव्याच्या शोधातून पुढे वॉरफरिन निघाले; ते १९४८ पासून उंदीर मारण्याचे औषध म्हणून विकले गेले, आणि माणसांना देऊ लागले ते त्यानंतर. मागच्या रविवारी मी हे मामाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग त्याने विचारले की मेथीची भाजी आठवड्यातून किती वेळा चालेल.