पुढची गोटी कुठे जाणार, मामा?

सुट्टीत मुक्कामाला आलेल्या भाचीला कुणीतरी वाढदिवसाला गोट्यांचा मनोरा दिला आहे. वरच्या पेल्यात गोटी टाकायची. ती पन्हळींतून घरंगळते, एका झुलत्या पट्टीवरून डावीकडे नाहीतर उजवीकडे जाते, दहा ओळी खिळ्यांवर आपटते आणि खालच्या 11 खणांपैकी एकात पडते. खोक्यावर ‘वय 6 ते 99’ असं छापलंय. त्यातले सहावाले खेळतात, बाकीचे सोफ्याखाली हात घालून गोट्या काढतात.

मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालोय, हे ताईने मुलीला नको तेव्हा सांगून ठेवलंय. त्यामुळे प्रत्येक गोटीआधी प्रश्न येतो, “मामा, ही कुठे जाणार?”

न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मला येतात. घरंगळणाऱ्या भरीव गोटीच्या गतीतल्या ऊर्जेचा दोन सप्तमांश वाटा नुसत्या गिरक्यांत जातो. म्हणून पन्हळीचा उभा गोल वेढा न पडता पार करायचा, तर तिला वेढ्याच्या तळापासून त्रिज्येच्या किमान 2.7 पट उंचीवरून सोडावं लागतं. घर्षण धरलं तर आणखी वरून. हे मी रंगवून सांगितलं.

“हो, पण कुठे जाणार?”

खरं तर सगळं ठरलेलंच असतं. गोटी काही मनाने वळत नाही. पण गोल खिळ्यावर आपटली, की दिशेतला केसभर फरक वाढतो, पुढचा खिळा तो आणखी वाढवतो. 1961 साली हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झने संगणकावर हवामानाचं गणित पुन्हा चालवताना 0.506127 ऐवजी 0.506 भरलं, तर पुढचं हवामान पार निराळंच निघालं. इथे तर गोटी सोडणारी बोटं चिक्कीने बरबटलेली. दशांशाचं काय घेऊन बसलात!

एक गोटी हाती लागत नाही, पण गोट्यांची गर्दी सापडते, हे फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकाने एकोणिसाव्या शतकातच अशा खिळ्यांच्या फळीवर दाखवलं. प्रत्येक खिळ्यावर डावीकडे नाहीतर उजवीकडे, म्हणजे दहा ओळींत 1024 वाटा. मधल्या खणात नेणाऱ्या 252, कडेच्या खणात एकच. म्हणजे ढीग मध्ये व्हायला हवा. मी डबाभर गोट्या ओतल्या. ढीग डावीकडे झाला. बिल्डरने न्हाणीघराचा उतार हॉलला दिलाय, हे त्या दिवशी कळलं. न्हाणीघरात अजून पाणी तुंबतं. मनोऱ्याच्या पायाखाली वर्तमानपत्राची घडी सारली, तर ढीग उजवीकडे गेला.

रात्री वरच्या मजल्यावर गोट्या खेळल्याचा आवाज येतो, ही तक्रार प्रत्येक सोसायटीत असते. आमच्या खालच्या काकांना त्याचा पुरावा मिळाला. ते तावातावाने वर आले, चष्मा घरीच विसरून.

“काका, डावीकडे की उजवीकडे? आइस्क्रीमची पैज!”

भाची खिळ्यांवर पैज लावतच नाही. ती झुलत्या पट्टीवर लावते. ती पट्टी प्रत्येक गोटीला कलंडते, म्हणजे एक डावीकडे, तर पुढची नक्की उजवीकडे. यात शक्यता वगैरे काही नाही. काका हरले. पुन्हा हरले. “माझं नशीबच फुटकं!” म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मी गप्प राहिलो. तक्रार विसरलेल्या माणसाला विज्ञान शिकवू नये.

आता सगळी उधारी वसूल होईपर्यंत मनोरा मोडायचा नाही, असं भाचीने मला बजावलंय. काकांचं म्हणणंही तेच आहे, त्यांना जिंकून परत घ्यायचंय.