सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी म्हणजे रोग नाही, औषध ओतू नका

उमरेड-काटोलकडच्या ग्रुपवर मेसेज फिरून राहिला की सोयाबीनच्या मुळाला गाठी दिसल्या म्हणजे कीड लागली, लगेच औषध ओता. भाऊ, साफ चुकीचं आहे हे! मूळ स्वतःच फ्लेव्होनॉइड नावाची रसायनं मातीत सोडतं, ती ओळखून रायझोबियम जिवाणू नॉड फॅक्टर नावाच्या रसायनाचा सिग्नल देतात, मग मुळात सायटोकायनिन हे वाढीचं संप्रेरक कामाला लागतं अन् आतल्या पेशी पुन्हा विभागायला लागतात, त्यातूनच गाठ बनते आणि तिथे हवेतला नायट्रोजन पिकाच्या कामी येतो. गाठ कापून बघा, आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. सूत्रकृमीची, म्हणजे मातीतल्या बारीक धाग्यासारख्या किड्यांची, गाठ वेगळी, तिच्यात मूळच फुगलेलं असतं, बोटानं सुटत नाही. आणि युरिया जास्त टाकला की झाड स्वतःच गाठी कमी करतं.