खिडकीतून सुतळी ताणून बंदूकवाला सापडत नाही

तूर-हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरांसाठी रात्री वावरात बार वाजतात. त्यातली एखादी गोळी भरकटून कोणाच्या खिडकीत शिरली, की गावच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: "गोळी काचेतून सरळच जाते. काचेतलं भोक आणि भिंतीतला खड्डा यांतून सुतळी ताणा. ती ज्या धुऱ्यावर जाईल, तिथूनच गोळी सुटली. भोक मोजलं की बंदूक कळते. काच आत पडली म्हणजे गोळी बाहेरची." एवढ्यावरून शेजाऱ्यावर आळ घेतला जातो, म्हणून यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

"सरळच जाते." साध्या खिडकीची काच जेमतेम ४ मिलिमीटर जाड असते, तरी ती गोळीची वाट बदलते. गोळी तिरकी आली तर तिच्या टोकाची एकच बाजू आधी काचेला लागते आणि त्या बाजूने धक्का बसतो. शिसं मऊ असल्याने टोक चेपतं आणि पुढे गोळी डगमगत जाते. तांब्याचं कवच असेल तर ते सोलून निघू शकतं, आतलं शिसं एकीकडे आणि कवच दुसरीकडे. म्हणून भिंतीत तीन खड्डे दिसले तरी तीन बार झालेच असं नाही. प्रकाशकिरण काचेतून समांतर बाहेर पडतो, तशीच गोळीही जाते, असंही काही जण सांगतात. पण किरणाला काच फोडावी लागत नाही. तीच बंदूक, तीच काच, तरी दोन गोळ्या सारख्याच वळतील याची खात्री नाही.

"सुतळी ताणा." सगळ्यात जास्त घात इथे होतो. भोक आणि खड्डा जोडल्यावर मिळते ती काच फोडल्यानंतरची वाट. तीच उलटी बाहेर वाढवली, की काचेपाशी आलेलं वळण चूक बनून अंतरासोबत वाढत जातं. ३ अंशांचा फरक १५० मीटरवर जवळपास ८ मीटर होतो आणि ५ अंशांचा १३ मीटर. धुऱ्याच्या अलीकडचं वावर एकाचं, पलीकडचं दुसऱ्याचं असेल, तर तेवढ्यात माणूसच बदलतो.

बाहेर मच्छरजाळी असली तर जाळी आणि काच मिळून काचेआधीचे दोन बिंदू मिळतात. पण त्यांच्यात १० सेंटिमीटर अंतर असेल आणि मोजताना ५ मिलिमीटर चुकले, तर पुन्हा तेच ३ अंश.

शिवाय गोळी सुतळीसारखी ताठ येत नाही. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९च्या शस्त्र अधिनियमात आहे, आणि तिची गोल शिशाची गोळी हवेत लवकर मंदावते. सेकंदाला ३०० मीटर वेगाने निघालेल्या गोळीलाही १५० मीटर कापायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. अर्ध्या सेकंदात ती सव्वा मीटर खाली आलेली असते. बार मचाणावरून झाला की जमिनीवरून, हे सुतळीने ठरवता येणार नाही.

"भोक मोजलं की बंदूक कळते." काच गोळीच्या मापाने कापली जात नाही. भोक बहुधा गोळीपेक्षा मोठं पडतं, तिरक्या माऱ्यात लांबट होतं, आणि कडेचे तुकडे नंतरही गळतात. गोफणीच्या दगडानेही गोळीसारखं दिसणारं भोक पडू शकतं.

"काच आत पडली." बरीच काच गोळीच्या दिशेने उडते हे खरं, पण बारीक चुरा उलटाही उडतो, आणि उरलेली तडकलेली काच नंतर वाऱ्याने कुठेही पडते. जमिनीवरच्या काचेपेक्षा चौकटीत उरलेली काच पाहावी. साध्या काचेत भोक शिरण्याच्या बाजूला लहान आणि निघण्याच्या बाजूला फनेलसारखं पसरट असतं. दोन गोळ्या असतील तर नंतरच्या भोकाचे तडे आधीच्या तड्यापाशी येऊन थांबतात. दाणेदार चुरा होणारी टफन काच या खुणा टिकू देत नाही. गाडीची पुढची काच मधल्या प्लास्टिकच्या थरामुळे जागेवर राहते, पण ती उतरती असल्याने तिथे गोळी आणखी वळते.

तेव्हा सुतळी बांधू नका, भोकात काडी किंवा बोट घालू नका, खड्डा उकरून शिसं काढू नका. ११२ वर कळवा. पोलीस येईपर्यंत काचेचे आतून आणि बाहेरून, समोर उभं राहून, शेजारी मोजपट्टी धरून, काचेला न लावता, फोटो काढा. बार झाला तेव्हा खिडकीचा पल्ला किती उघडा होता ते लिहून ठेवा आणि आता तो हलवू नका. पल्ला थोडा जरी फिरला तरी भोकाची जागा सरकते, मग प्रयोगशाळेच्या तज्ज्ञालाही मूळ रेषा मांडता येत नाही. सरकत्या खिडकीत दोन काचा एकमेकींवर होत्या का, तेही नोंदवा. कारण तशा वेळी गोळी दोनदा वळलेली असते.