दोन फुटी प्लांटेड टँकच्या गढूळ पाण्याबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आमच्या दादरच्या दुकानातून घेतलेल्या दोन फुटी प्लांटेड टँकचे (जिवंत पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यटाकीचे) पाणी तिसऱ्या दिवशी दुधासारखे झाले, लाइट बदलल्यावर ते हिरवे पडले, चार निऑन टेट्रा मासे दगावले आणि आमच्याकडून ‘होईल हळूहळू’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही, असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे. ते उत्तर अपुरे होते आणि लाइटच्या बाबतीत चूक सर्वस्वी आमची आहे.

दोन फुटी टाकीला दोन फुटी लाइट, एवढाच हिशेब करून आमच्या दुकानातल्या मुलाने आपल्याला ३६ वॉटचा एलईडी दिला. लाइट लांबीवर नव्हे, झाडांवरून ठरवायला हवा. आपल्या टाकीत माती आणि दगड वजा जाता साधारण ५० लिटर पाणी राहते आणि झाडे आहेत अनुबियास, जावा फर्न व क्रिप्टोकोरीन, म्हणजे मुळातच सावलीत वाढणारी. त्यांना लिटरमागे १५ ते २० ल्युमेन (प्रकाशाचे माप) पुरतात, म्हणजे सुमारे १० वॉटचा, ६५०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) एलईडी. आपल्याला मिळाला त्याच्या तिप्पट-चौपट प्रकाश, तोही कार्बन डायऑक्साइडची जोड नसताना. शिवाय टायमर दिला नाही, त्यामुळे दिवाणखान्यातला दिवा मालवेपर्यंत तो रोज बारा तास चालू राहिला. झाडांना न वापरता आलेला प्रकाश शेवाळाने वापरला. 

दुधाळ पाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. नव्या मातीतून आणि लाकडातून पाण्यात सेंद्रिय द्रव्ये उतरतात, त्यांवर जिवाणू झपाट्याने वाढतात आणि पाणी धूसर दिसते. हा सदोष मालाचा परिणाम नाही. हात न लावल्यास ते बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप निवळते. आपण त्या आठवड्यात तीनदा सगळे पाणी बदलले, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तुरटी फिरवली. पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवणाऱ्या घरात हे सुचणे साहजिक आहे. परंतु तुरटीने मातीचे कण खाली बसतात आणि पाण्याची आम्लताही वाढते. मुंबईचे तलावाचे पाणी मुळातच मृदू असल्याने हा फरक माशांना लवकर जाचतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने स्पंजमधले, माशांना विषारी असलेला अमोनिया पचवणारे जिवाणू मारले आणि असे जिवाणू पुन्हा पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. हे सांगणे आमचे काम होते. आठव्या दिवशी आपण मासे मागितले तेव्हा ते न विकणे हेही आमचेच काम होते.

गेल्या शनिवारी आपण आणलेली बाटली आम्ही पांढऱ्या कागदासमोर धरली, तेव्हा पाण्यात दुधाळपणाचा अंशही नव्हता, स्पष्ट हिरवी छटा होती. म्हणजे आता उरले आहे ते तरंगते शेवाळ, आणि ते नुसते पाणी बदलून जात नाही, कारण उरलेले पुन्हा वाढते. टाकीला चार दिवस जाड चादर गुंडाळावी, त्या काळात माशांचे खाणे बंद ठेवावे आणि एअर पंप चालू राहू द्यावा, कारण मरणारे शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढते. नंतर एक तृतीयांश पाणी क्लोरीन काढून बदलावे आणि लाइट रोज सहा तासांवर ठेवावा. पश्चिमेच्या खिडकीतून टाकीवर येणारे संध्याकाळचे ऊन पडदा लावून अडवावे. आपल्या छायाचित्रात ते काचेवर स्पष्ट दिसते. चादरीचा उपाय नको असल्यास यूव्ही फिल्टर (अतिनील किरणांनी तरंगते शेवाळ मारणारा) आठवडाभर विनामूल्य वापरायला देऊ.

३६ वॉटचा लाइट परत घेऊन योग्य लाइट व टायमर देऊ, फरकाची रक्कम आणि माशांचे पैसेही परत करू. नवे मासे मात्र इतक्यात देणार नाही. येताना टाकीतल्या पाण्याची बाटली आणावी, म्हणजे अमोनिया व नायट्राइट ही माशांना घातक द्रव्ये आपल्यासमोर तपासता येतील; ते दोन्ही शून्यावर आल्यावर माशांविषयी बोलू.