बाटलीतला खुंट थेट बागेत? नको!

गोव्यातल्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला जोरात फिरतोय: टिश्यू कल्चरचे, म्हणजे लॅबमध्ये बाटलीत वाढवलेले, फळझाडांचे खुंट (ज्यांवर कलम बांधतात ती रोपं) बाटलीतच आणा आणि थेट जमिनीत लावा. गोव्याची हवा दमट आहे, मुळं आधीच फुटलेली आहेत, आणि हार्डनिंग, म्हणजे रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावणं, ही नर्सरीवाल्यांची पैसे काढायची टूम आहे, असं त्यात म्हटलंय. या सल्ल्यापायी महागडी रोपं हकनाक मरतील, म्हणून हे लिहितोय.

आधी दमट हवेचं बघू. बाटलीत आर्द्रता शंभर टक्क्यांच्या आसपास असते. आपल्याकडे पावसाळा सरला की दुपारी ती चांगलीच उतरते, आणि सत्तरी तालुक्यात घाटाकडून कोरडा वारा सुटला की विचारूच नका. तापमान तेच धरलं तरी ९८ टक्के आर्द्रतेच्या हवेपेक्षा ६० टक्क्यांची हवा पानातलं पाणी सुमारे वीसपट जोराने ओढते. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर नावापुरता असतो आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. एक पान बाटलीतल्या रोपाचं आणि एक शेडमध्ये तयार झालेल्या रोपाचं खुडून टेबलावर ठेवा. पहिलं बघता बघता मलूल पडतं, दुसरं बराच वेळ तग धरतं.

मग पावसात लावू? आर्द्रता तेव्हा साथ देते, हे खरं. पण मुळांना चिकटलेल्या अगारात, म्हणजे बाटलीतल्या जेलीसारख्या खाद्यात, साखर असते आणि ओल्या मातीत बुरशी तिच्यावरच पोसते. कोमट पाण्यात मुळं हलक्या हाताने धुतल्याशिवाय रोप कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) सुद्धा लावू नये.

आता मुळं. बाटलीत ती पांढरीशुभ्र दिसतात, पण ठिसूळ असतात आणि पाणी ओढणारे बारीक मूलरोम जवळजवळ नसतातच. काही तर खोडाच्या बुडाशी धरलेल्या गाठीतून फुटतात आणि खोडाशी त्यांचा सांधा कच्चा राहतो. आयबीए हे मुळं फुटवणारं संप्रेरक वाढवलं तर ही गाठच वाढते. म्हणून कित्येक ठिकाणी बाटलीतल्या बिनमुळांच्या शेंड्याच्या बुडाला आयबीए लावून तो सरळ कोकोपीट आणि परलाइटच्या (हलक्या पांढऱ्या खनिज कणांच्या) मिश्रणात, फवाऱ्याच्या धुक्याखाली रुजवतात. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) सावलीत भरपूर पाणी पाजणं हा त्याला पर्याय नाही. पाणी ओढणारी मुळंच नसतील तर साचलेल्या ओलीत ती कुजतात.

राहिली टूम. पीचसाठी जीएफ ६७७ हा खुंट युरोपातल्या लॅब मोठ्या प्रमाणावर तयार करतात. तिथेही तो बाटलीतून थेट बागेत जात नाही. बाटलीतली जुनी पानं पुरती सुधारत नाहीत. बाहेरच्या हवेत नवी पानं, नवी मुळं येईपर्यंत रोप जगवायचं, यालाच हार्डनिंग म्हणतात. प्लास्टिकचा बोगदा, वर शेडनेट, आणि बोगद्याची कड रोज थोडी जास्त वेळ उघडायची. यात काही आठवडे जातात, मजुरी जाते, काही रोपंही जातात. त्याचेच पैसे आपण देतो.

खुंट घेताना शेंड्याकडे नवी, जाडसर पानं आहेत का बघा. पिशवीच्या तळाशी ताजी मुळं दिसत नसतील तर ते रोप घेऊ नका.