बी तिजोरीत ठेवले म्हणजे वाण वाचला का?

‘जुन्या वाणांचे बी आता शीतगृहात सुरक्षित आहे, त्यामुळे आदिवासी समाजांनी कमी उत्पन्नाची तीच पिके पिढ्यान्‌पिढ्या लावत राहणे हा निव्वळ हळवेपणा आहे, त्यात विज्ञान काही नाही,’ असे विधान हल्ली सर्रास पुढे पाठवले जाते.

आधी शीतगृहाचे पाहू. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ साली सुरू झालेल्या बियाण्यांच्या तिजोरीत बी उणे १८ अंश तापमानात ठेवतात, आणि ही व्यवस्था मोलाचीच आहे. पण बटाट्याचे बी पेरले तर मूळ वाण जसाच्या तसा उगवत नाही, प्रत्येक रोप वेगळे निघते. वाण टिकतो तो कंदातून. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने, म्हणजे रोपाचा लहानसा तुकडा वाढवून, तो राखता येतो, हे खरे. तरीही पेरूतील लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने २००४ च्या करारानुसार चारशेहून अधिक वाण त्याच देशातील पिसाक गावाजवळच्या केचुआ या आदिवासी समाजाच्या शेतकऱ्यांना परत दिले. गोठवलेला नमुना आहे तसाच राहतो. बदलत्या हवामानाशी आणि नव्या रोगांशी जुळवून घेण्याची संधी वाणाला शेतातच मिळते.

उत्पन्नाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. ओलिताच्या, भरपूर खत मिळणाऱ्या जमिनीत सुधारित वाण सरस ठरतात, यात वाद नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच पठारावर मात्र दंव सोसणारे कडू बटाटेच हाती लागतात. रात्रीच्या थंडीत ते गोठू द्यायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचे आणि उन्हात वाळवायचे. असा तयार झालेला ‘चुन्यो’ वर्षानुवर्षे टिकतो. हेक्टरी क्विंटलच्या तक्त्यात ही बेगमी कुठल्या रकान्यात मांडणार?

‘विज्ञान नाही’ हा आक्षेप तर सर्वांत कच्चा आहे. मेक्सिकोतील ओआहाका राज्यात सिएरा मिहे नावाच्या डोंगराळ भागात मूळ रहिवाशांनी जोपासलेला उंच मका आहे. त्याच्या ताटाला जमिनीच्या बऱ्याच वर जाड मुळांची कडी फुटतात आणि पावसाळ्यात त्यांतून चिकट द्रव ठिबकतो. त्या द्रवातले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मक्यातील २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून आल्याचे आढळले. हंगामामागून हंगाम कणसे निवडून हा गुण शेतकऱ्यांनी आधीच राखला होता. संशोधकांना तो मोजण्यासाठी त्यांच्याच शेतांत जावे लागले.