हेमकुंडाच्या आधी घांघरियात दोन रात्री हव्यातच

उत्तराखंडातल्या हेमकुंड साहिब या शिखांच्या तीर्थाला जायची तयारी करणारे अनेक जण सध्या भेटतात, आणि त्यांचा उत्साह पाहून मला मनापासून आनंद होतो. काळजी वाटते ती सहलींच्या आखणीची. पहिल्या दिवशी ऋषिकेशहून जोशीमठ, दुसऱ्या दिवशी वाटेवरचे शेवटचे मुक्कामाचे गाव घांघरिया आणि तिसऱ्या दिवशी पहाटे थेट हेमकुंड, असा कार्यक्रम सर्रास ठरवला जातो. ऋषिकेश चारशे मीटर उंचीवरही नाही, घांघरिया सुमारे ३,०५० मीटरवर आहे आणि हेमकुंडाचे सरोवर चार हजार मीटरच्याही वर आहे. म्हणूनच हेमकुंडाच्या आधी घांघरियात किमान दोन रात्री काढल्याच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

आम्ही दर रविवारी सह्याद्रीत चढतो, आम्हाला काही होणार नाही, असे उत्तर यावर हमखास मिळते. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे आपल्या राज्यातले सर्वांत उंच ठिकाण जोशीमठाच्याही खाली आहे. सह्याद्रीत पाय आणि दम तयार होतात, पण विरळ हवेची सवय तिथे होऊच शकत नाही. सरोवरापाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. प्राणवायू कमी पडू लागला की शरीर आधी श्वासाचा वेग वाढवते. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त प्रमाणात बाहेर पडून रक्ताचा आम्ल-अल्क तोल बिघडतो आणि तो सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. व्यायामाने हे दिवस वाचत नाहीत. उलट दमदार माणूस भरभर चढतो आणि लवकर अडचणीत येतो.

शेवटच्या वळणांवर एक काकू खेचरावरून उतरून कठड्याला टेकलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांचे डोके आदल्या रात्रीपासून दुखत होते, सकाळचा चहाही पोटात ठरला नव्हता, आणि घरचे त्यांच्या नाकाशी कापूर धरून "आता थोडेच राहिले" असे सांगत होते. कापराने प्राणवायू वाढत नाही. खेचराने पायांचे श्रम वाचतात, पण उंची तर अधिकच झपाट्याने वाढते. डोकेदुखीबरोबर मळमळ, भूक मरणे किंवा चक्कर असेल, तर उंची बाधली आहे असेच धरावे आणि त्या दिवशी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली किंवा टाचेला पाऊल जुळवत सरळ रेषेत चालता आले नाही, तर त्या माणसाला विनाविलंब खाली न्यावे. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावी, पण तिच्या भरवशावर मुक्काम कमी करू नये.

जादा दिवस वायाही जात नाही, कारण फुलांची दरी घांघरियाहून थोडीच उंच आहे. तो दिवस दरीत घालवून रात्री पुन्हा घांघरियात झोपले, की शरीराला हवा तो अवधी मिळतो. हेमकुंडावर रात्री राहू देत नाहीत, हेही पथ्यावरच पडते. उंच जाऊन खाली झोपणे आपोआप घडते. असे सावकाश गेलेले लोक वर लंगरमधली खिचडी चवीने खातात, ब्रह्मकमळे निवांत पाहतात.

पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: हेमकुंडाआधी घांघरियात किती रात्री आहेत, आणि वाटेतून कुणाला परतावे लागले तर त्याच्यासोबत खाली कोण उतरणार?